ग्रंथालयाच्या संगणकाचा सांभाळ कोण करणार?

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने माजी विद्यार्थी संघाने शाळेच्या ग्रंथालयाचे ‘संपूर्ण संगणकीकरण’ करून देण्याचा संकल्प सोडला आहे. संकल्प स्तुत्य आहे. तो सोडणाऱ्यांपैकी बहुतेक जण आमच्याच वर्गांतून गेलेले आहेत, याचा आम्हांस आनंदही आहे. तरीही या स्मरणिकेच्या पानांतून थोडा वेगळा विचार मांडण्याची मुभा आम्ही घेत आहोत. कारण हे संगणकीकरण आपल्या शाळेत पहिल्यांदा होत नाही. ते एकदा झालेले आहे. त्याची पितळी पाटी ग्रंथालयाच्या दारावर आजही आहे. पाटीच्या आतल्या खोलीत मात्र पुस्तकांची देवघेव आजही वहीतच लिहिली जाते.

हे कसे घडले ते सांगणे भाग आहे. आम्ही इतिहासाचे शिक्षक. शाळेला पूर्णवेळ ग्रंथपाल कधीच मिळाला नाही, त्यामुळे ग्रंथालयाची किल्ली वर्षानुवर्षे आमच्या खिशात राहिली. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका देणगीदारांनी संगणक दिला आणि तालुक्याच्या गावातील एका व्यावसायिकाने ग्रंथालयासाठी संगणकप्रणाली तयार करून दिली. सलग दोन उन्हाळी सुट्ट्यांत दाखल नोंदवही समोर ठेवून आम्ही आणि वसतिगृहात मागे राहिलेली मुले एकेक पुस्तक संगणकात भरत होतो. सुट्टी लागूनही घरी न जाणारी मुले कोणाची असतात, हे या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्यांतील नववीची एक मुलगी सुरुवातीला एका बोटाने अक्षरे शोधत असे. दुसऱ्या उन्हाळ्यात ती आमच्यापेक्षा जलद टंकलेखन करू लागली. उद्घाटन झाले, छायाचित्रे निघाली, भाषणे झाली. दोन-तीन वर्षे सारे उत्तम चालले. कोणते पुस्तक कोणाकडे आहे, कोणाची मुदत उलटली, हे क्षणात कळत असे.

मग संगणक बिघडला. नवा आला, पण त्यावर जुनी प्रणाली चालेना. ती करून देणाऱ्या गृहस्थांनी तोवर तो व्यवसाय सोडला होता. बोलावल्यावर ते आले, प्रामाणिकपणे दोन तास बसले आणि मूळ प्रणालीची प्रत आपल्याकडेही राहिलेली नाही असे सांगून खाली मान घालून गेले. त्यांना दोष देण्याची आमची इच्छा नाही. नोंदींची एक प्रत आम्ही पेनड्राइव्हवर ठेवली होती. ती उघडली तेव्हा पडद्यावर पुस्तकांची नावे नव्हती. रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे यांची अर्थहीन रांग होती. दोन उन्हाळ्यांचे काम जिथल्या तिथे होते, फक्त ते कोणालाही वाचता येत नव्हते.

त्यामागचे कारण पुढे समजले. त्या काळातील बहुतेक मराठी टंक, म्हणजे फाँट, ही एक प्रकारची वेषांतराची युक्ती होती. संगणक आत रोमन अक्षरेच साठवीत असे; त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा तो टंक चढवीत असे. टंक गेला की मुखवटा गेला. त्यातही प्रत्येक टंकाची मांडणी निराळी, त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्यात उघडेना. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा कायमचा क्रमांक १९९१ सालीच मिळालेला होता. आम्ही नोंदी भरल्या त्या वेळी युनिकोड उपलब्ध होते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आम्ही फक्त एवढेच विचारले होते, की खर्च किती येईल आणि उद्घाटनापर्यंत होईल का.

तेव्हापासून हा विषय आमच्या मनातून गेला नाही आणि ग्रंथालयांच्या संगणकप्रणाली जगात कशा तयार होतात व कशा टिकतात, हे आम्ही जमेल तसे वाचत आलो. त्या वाचनात एक हकीकत भेटली, ती येथे सविस्तर सांगावीशी वाटते.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, वेलिंग्टनच्या उत्तरेस होरोफेनुआ नावाचा एक लहान जिल्हा आहे. तेथील सार्वजनिक ग्रंथालयांची संगणकप्रणाली जुनी झाली होती आणि १९९९ संपून २००० साल उजाडताच ती बंद पडेल अशी चिन्हे होती. वर्षाचे फक्त शेवटचे दोन अंक लक्षात ठेवणाऱ्या जुन्या संगणकांचा तो प्रश्न अनेकांना आठवत असेल. बाजारातील मोठ्या कंपन्यांच्या प्रणाली त्या ग्रंथालयांच्या ऐपतीबाहेरच्या होत्या. म्हणून त्यांनी कातिपो नावाच्या एका छोट्या संस्थेकडून स्वतःपुरती नवी प्रणाली लिहून घेतली. मूळ लेखनातील प्रमुख हात ख्रिस कॉरमॅक या तरुणाचा होता. जानेवारी २००० मध्ये ती प्रणाली सुरू झाली. पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपण पैसे मोजून करून घेतलेली ही वस्तू त्या ग्रंथालयाने कुलपात ठेवली नाही. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी, मात्र ती देताना हेच हक्क त्यालाही द्यावेत, अशा मुक्त परवान्याखाली ती जगाला खुली केली. तिचे नाव ठेवले ‘कोहा’.

‘कोहा’ हा माओरी भाषेतील शब्द आहे. पाहुणा यजमानांकडे जाताना जी भेट नेतो ती कोहा. त्या भेटीत परतफेडीचा संकेत गृहीत असतो. आज तुम्ही आणली, उद्या आम्ही आणू. आपल्याकडे ‘दान’ या शब्दाला अलीकडे जी एकेरी छटा आली आहे, म्हणजे देणारा वर आणि घेणारा खाली, ती या शब्दात नाही. नावाप्रमाणेच घडले. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिल येथील सार्वजनिक ग्रंथालयाला ही प्रणाली हवी होती. पण जगभरची ग्रंथालये ज्या ‘मार्क’ नमुन्यात नोंदी ठेवतात तो तिला समजत नव्हता. त्या ग्रंथालयाने ही भर घालण्याचा खर्च स्वतः उचलला आणि झालेली सुधारणा सर्वांना मिळाली, होरोफेनुआलाही. असेच फ्रान्समधून, भारतातून, आफ्रिकेतून हात लागत गेले. २०११ साली या प्रणालीवर काम करणाऱ्यांची जागतिक परिषद आपल्या ठाण्यात भरली होती, हे आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल. ठाण्याला राहणाऱ्यांनाही नसेल!

मात्र भेट मिळाली की काम संपले असे नाही, आणि आम्हांस या हकीकतीतील खरा धडा त्यापुढेच दिसतो. कोहाची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी, मे आणि नोव्हेंबरात, निघते. कोणी एखादी दुरुस्ती सुचविली तर ती तशीच स्वीकारली जात नाही. दुसऱ्या कोणीतरी ती आपल्या संगणकावर चालवून पाहून संमती द्यावी लागते, त्यानंतर गुणवत्ता तपासणारे तिसरे डोळे तिच्यावरून फिरतात आणि मगच ती मूळ प्रणालीत जाते. नव्या आवृत्तीची जबाबदारी घेणारा एक प्रमुख असतो. परंतु आधीच्या, जुन्या होत चाललेल्या आवृत्त्या सांभाळण्यासाठीही स्वतंत्र माणसे नेमलेली असतात. जे अजून जुन्यावरच आहेत त्यांचे काम अडू नये, म्हणून! असे काम करणाऱ्याचे नाव कोणत्याही पितळी पाटीवर येत नाही. नावाचाही सांभाळ करावा लागला. एका परदेशी कंपनीला ‘कोहा’ हे नाव न्यूझीलंडमध्येच आपले व्यापारचिन्ह म्हणून २०११ साली तात्पुरते मंजूर झाले. त्या छोट्या ग्रंथालयाला आणि त्याच्या साथीदारांना दाद मागावी लागली. डिसेंबर २०१३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. जी वस्तू सर्वांची असते ती कोणीतरी जागे राहिले तरच सर्वांची राहते.

आपल्या देशातही पर्याय आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे, महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘सोल’ आहे. कोणती प्रणाली घ्यावी यावर संघाच्या बैठकीत बराच वेळ गेल्याचे आम्ही ऐकले. आमच्या मते तो प्रश्न दुय्यम आहे. नोंदी युनिकोडमध्ये आणि सर्वमान्य नमुन्यात असाव्यात, हव्या तेव्हा त्या बाहेर काढता याव्यात, एवढी अट पाळली की उद्या प्रणाली बदलली तरी नोंदी वाचतील. प्रणाली हे कपाट आहे. पुस्तके म्हणजे नोंदी.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. नोंदी हे यंत्राचे काम नाही.

समजा, आठवीच्या एखाद्या विद्यार्थिनीने नव्या संगणकावर ‘आंबेडकर’ हा शब्द शोधला. आपल्या शाळेच्या कपाटांत बाबासाहेबांची आणि बाबासाहेबांविषयीची पुस्तके किती आहेत हे तुम्ही जाणता. पडद्यावर तीनच आली तर? हे अगदी शक्य आहे. कोणी ‘आ’ हा एक स्वर म्हणून टंकित केला असेल, कोणी ‘अ’ला वेगळा काना जोडला असेल, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, संगणकाला ते दोन निराळे शब्द वाटतात. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा ऱ्यही दोन निराळ्या रीतींनी साठविता येतो. ‘ॲ’चीही तीच गत. शिवाय एका नोंदीत ‘आंबेडकर, भीमराव रामजी’, दुसरीत ‘बाबासाहेब आंबेडकर’, तिसरीत ‘बी. आर. आंबेडकर’. ही सर्व एकच व्यक्ती आहे हे कोणीतरी बसून संगणकाला सांगावे लागते. ग्रंथालयशास्त्रात लेखकाचे एक प्रमाण नाव ठरवून बाकीची त्याला जोडण्याची रीतच आहे. कोहासारख्या प्रणालीत शोधासाठी शब्दांची अनुक्रमणिका बांधणारा भाग असतो. तो पाश्चात्त्य लिप्यांच्या मूळ मांडणीवर तसाच सोडला तर देवनागरी शब्द नीट सापडत नाहीत, वेगळी मांडणी निवडावी लागते. हे माहीत असणारा माणूस हवा, आणि तो उद्घाटनानंतरच्या चौथ्या वर्षीही हवा.

याहून खोल अडचण दुसरी. महाराष्ट्र शासनाने १९७९पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचे आणि भाषणांचे खंड आपल्याकडे आहेत. जुन्या नोंदवहीत त्यांची नोंद ‘खंड १’, ‘खंड २’ अशी आहे. आम्हीही मुलांकडून तशीच भरून घेतली होती. आता जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील बाबासाहेबांचा प्रसिद्ध निबंध पहिल्या खंडात आहे आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ मूळ इंग्रजीत अकराव्या खंडात आहे. नोंदीत हे लिहिलेले नसेल तर शोधणाऱ्याला उत्तर मिळेल, ‘असे पुस्तक ग्रंथालयात नाही’. ते पुस्तक मात्र तिच्या पाठीमागच्या कपाटात असेल. वहीच्या काळात निदान आम्ही तिथे बसलेलो असू आणि ‘अगं, तो खंड काढ’ असे सांगत असू. संगणक आल्यावर आम्ही सांगणार नाही. तिने विचारणेही सोडलेले असेल. हजारो वर्षे ज्या समाजाला ‘तुझ्यासाठी हे नाही’ असे सांगितले गेले, त्या समाजातील मुलीला तिच्याच शाळेतील यंत्राने ‘नाही’ म्हणावे, आणि तेही असलेल्या पुस्तकाविषयी, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

वर्गीकरणाबद्दल एक अवांतर टिपण येथेच नोंदवितो. ग्रंथालये ज्या ड्युई पद्धतीने पुस्तके लावतात ती १८७६ सालची, अमेरिकेत जन्मलेली. तिच्यात धर्मासाठी २०० ते २९९ हे क्रमांक आहेत. त्यांतील बहुतांश जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली असून बाकीचे जगातील सारे धर्म २९० या ‘अन्य धर्मां’च्या खणात बसविले आहेत. बौद्ध धम्म तेथे २९४.३ या दशांशात सापडतो. आपल्या ग्रंथालयात ज्या विषयाची पुस्तके सर्वाधिक, त्या सर्वांच्या पाठीवर अक्षरशः ‘अन्य’ लिहिलेले असणार! विकत घेतलेली तयार प्रणाली हा क्रमांक डोळे मिटून देईल. तो स्वीकारावा, की आपल्यापुरते सोयीचे उपविभाग पाडावेत, याचा निर्णय आपण करायचा आहे. आमचे मत असे, की क्रमांक जगाशी जुळते ठेवावेत. पण विषयाचे शब्द आपले, मुले वापरतात ते, भरपूर द्यावेत.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात काही नवे दिसत नाही. तिपिटक सिंहलद्वीपात प्रथम लेखनबद्ध झाले त्याला दोन हजार वर्षे उलटून गेली. ते ताडपत्रांवर लिहिले गेले. उष्ण आणि दमट हवेत ताडपत्र काही शतकांपलीकडे टिकत नाही. वाळवी आहे, ओल आहे, उंदीर आहेत. मग ग्रंथ कसा टिकला? प्रत जीर्ण होण्याआधी कोणीतरी दुसरी प्रत करीत राहिले म्हणून. मूळ पत्रे केव्हाच माती झाली. आम्ही पेनड्राइव्ह कपाटात ठेवला आणि जपणूक झाली असे समजलो, ही आमची चूक होती. एका नामांकित ग्रंथपालाने, म्हणजे रंगनाथन यांनी, १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटच्यात ग्रंथालयाला वाढता जीव मानले आहे. जीवाला रोज अन्न लागते. आपण त्याला दर पंचवीस वर्षांनी एकदा मेजवानी देतो.

म्हणून संघास आमची विनंती आहे. जमलेल्या निधीतून यंत्रसामग्रीवर शक्य तितके कमी खर्च करावे. देवघेव आणि शोध यांसाठी दोन साधे संगणक पुरेत. भिंतीवरचा मोठा पडदा नको, शाळेच्या नावाचे मोबाइल ॲप तर मुळीच नको. प्रणाली मुक्त परवान्याची घ्यावी. निधीचा मोठा हिस्सा मुदतठेवीत ठेवावा आणि त्याच्या व्याजातून ग्रंथालयासाठी एक अर्धवेळ सहायक नेमावा, शक्य तर ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतलेली आपलीच एखादी माजी विद्यार्थिनी. पुण्यात, बंगळुरूत, परदेशांतही संगणकक्षेत्रात काम करणारे आपले विद्यार्थी आहेत. त्यांच्याकडून आम्हांस पैशांपेक्षा पाळी हवी आहे: वर्षाला दोघांनी जबाबदारी घ्यावी, नवी आवृत्ती बसवावी, रोजची राखीव प्रत आपोआप निघते की नाही हे पाहावे, आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या कोऱ्या संगणकावर उतरवून सर्व नोंदी खरोखर वाचता येतात याची खात्री करावी. ही खात्री न केलेली प्रत म्हणजे आमचा पेनड्राइव्ह. दिवस कोणता असावा तर जयंतीच्या आदल्या आठवड्यातला. प्रत्यक्ष जयंतीच्या गडबडीत कोणी हे करणार नाही.

यावर एक आक्षेप आम्हांस अपेक्षित आहे. आज प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, सारे ज्ञान त्यात आहे, मग ग्रंथालयाच्या नोंदींचा एवढा अट्टाहास कशासाठी? वसतिगृहात मुलांना मोबाइल नाहीत, हे एक उत्तर झाले. दुसरे असे, की मोबाइलवर जगातले सर्व काही शोधता येते, पण आपल्या खोलीतील चार भिंतींत काय आहे ते शोधता येत नाही. आपल्याकडे १९५०–६०च्या दशकांतील पातळ पुस्तिका आहेत, मेळाव्यांच्या स्मरणिका आहेत, गावोगावच्या गायन पार्ट्यांनी छापलेली गीतांची चोपडी आहेत. त्यांतील कित्येकांची नोंद अन्यत्र कोठेही झालेली असण्याची शक्यता कमी आहे. आपण नोंद केली नाही तर ती पुस्तके असूनही नसल्यासारखीच.

आम्हांस निवृत्त होण्यास आता थोडीच वर्षे उरली आहेत, हेही कबूल करतो. या लेखातील घाई काहीशी त्यामुळे आहे. गेल्या जूनपासून आम्ही नोंदवहीचे काम पुन्हा पहिल्या पानापासून, या वेळी युनिकोडमध्ये, सुरू केले आहे. शनिवारी दुपारी नववीची सहा मुले येतात. पहिल्या उन्हाळ्यात एका बोटाने टंकणारी ती विद्यार्थिनी आता एका सहकारी पतसंस्थेत नोकरीस आहे. सुट्टीच्या दिवशी तीही येऊन मुलांच्या चुका तपासते.

सध्या आम्ही दाखल क्रमांक १३१७वर अडलो आहोत. तेथून १३४०पर्यंतचे पान पावसाच्या गळतीने भिजले आहे; शाई पसरून ग्रंथनाम आणि देणगीदार हे दोन्ही रकाने पुसट झाले आहेत. तारीख वाचता येते, ती ऑगस्ट १९८४ची आहे. त्या वेळी आम्ही शाळेत नव्हतो. मुंबईहून एस.टी.ने पुस्तकांची एक पेटी आली होती, असे एका जुन्या शिपाईमामांकडून कळले. त्यांपैकी काही पुस्तके कपाटात असावीत, पण पाठीवरच्या क्रमांकाच्या चिठ्ठ्या गळून पडल्या आहेत. त्या वर्षी आठवी ते दहावीत असलेल्या कोणास ती पेटी, ती पाठविणारे गृहस्थ किंवा तिच्यातील एखादे पुस्तक आठवत असल्यास शाळेच्या पत्त्यावर कृपया कळवावे.